वाचकांचे प्रश्न : जिऑलॉजी घेतलं तर पुढे नोकरी आहे का?

निकालाचे दिवस आले की या विषयावरची पत्रं वाढतात, त्यातली तीन आज घेतलीत. मी स्वतः भूजलाच्या सरकारी कामात तीस वर्षं काढून रिटायर झालेय, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते.

प्रश्न : ताई, मुलगी पुण्यात बीएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला एमएस्सी करून भूजलातच काम करायचंय. तिचे बाबा म्हणतात दगडं गोळा करून पोट भरतं का, आणि मुलीच्या जातीला रानोमाळ फिरणं झेपणार आहे का. पगार किती मिळतो, खरं काय ते सांगा. (एक आई, सांगोला)

उत्तर : ताई, पोट भरतं, चांगलं भरतं, पण कुठल्या दारातून आत जाता त्यावर सगळं अवलंबून आहे. सगळ्यात मोठं दार म्हणजे यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, ती निघाली की भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात म्हणजे जीएसआयमध्ये जिऑलॉजिस्ट नाहीतर केंद्रीय भूजल मंडळात सायंटिस्ट-बी, दोन्ही गट अ च्या पोस्ट. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार 56,100 पासून सुरू, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे वेगळं. ही लेव्हल 10 आहे, आयएएस झालेल्याची सुरुवातही याच लेव्हलला होते, हे तिच्या बाबांना जरूर सांगा कारण आपल्याकडे आयएएस म्हटलं की पेढे वाटतात आणि जिऑलॉजिस्ट म्हटलं की विचारतात म्हणजे नक्की काय.

पण जागांचं काही खरं नसतं. 2023 च्या परीक्षेला 285 जागा होत्या आणि पुढच्याच वर्षी 56. म्हणजे पोरगी ज्या वर्षी तयार होईल त्या वर्षी भरती मोठी असेलच असं नाही, दोन-तीन अटेम्प्ट धरूनच चालायचं, ओपनला वयाची मर्यादा 32 आहे तेवढी सवड मिळते. प्रिलिम 400 मार्कांची, मेन्स 600, इंटरव्ह्यू 200, आणि हायड्रोजिऑलॉजीवाल्यांचा म्हणजे भूजलवाल्यांचा मेन्सचा तिसरा पेपर वेगळा असतो, तिला भूजलातच जायचंय ना, मग त्या पेपरचा अभ्यास एमएस्सीच्या पहिल्या दिवसापासून धरायला सांगा. राज्यात आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, जीएसडीए म्हणतात ती, मुख्य ऑफिस पुण्यातच आहे, तिथल्या जिऑलॉजिस्टच्या जागा एमपीएससीतून भरतात पण जाहिरात कधी येईल सांगता येत नाही, नुसती तिची वाट बघत वय घालवलेली हुशार मुलं मी पाहिलीत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता झेपेल का. मी लागले तेव्हा आमच्या बॅचला मी एकटीच बाई होते. एकदा मे महिन्यातली विहिरींच्या पाण्याच्या पातळीची मोजणी होती, एका निरीक्षण विहिरीच्या काठावर पालथी पडून टेप सोडत होते आणि शेजारी बाया हंडे घेऊन बसलेल्या. टेपचं टोक पाण्याला लागलं की डुब्ब असा बारीक आवाज येतो, तो ऐकू यावा म्हणून सगळ्या गप्प झाल्या. साडेअकरा मीटर, मी वहीत लिहिलं. एक म्हातारी म्हणाली, पाणी किती खाली गेलं ते आम्हाला रोज पोहऱ्याचा दोर सांगतो बाई, तुम्ही ते वर कुणाला सांगणार? मग मी तिथेच बसून सांगितलं की अशा जवळपास चार हजार विहिरी राज्यभर मोजल्या जातात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशा चार वेळा, आणि ऑक्टोबरच्या आकड्यांवरून पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तालुक्यात टंचाई येणार त्याचा अंदाज वर जातो. पुढच्या खेपेला गेले तर पोरं ओरडत आली, पाणाडीण बाई आल्या म्हणून. ते नाव मला कुठल्याही प्रमोशनपेक्षा मोठं वाटतं.

त्रास चालण्याचा नसतो ताई, आपल्याकडच्या मुली चालतात. त्रास असतो तो दिवसभर संडास नसण्याचा, मुक्कामाच्या जागेला आतून कडी नसण्याचा, आणि ऑफिसात बाई फील्डला कशाला म्हणून तिला टेबलाचं काम देण्याचा, हा शेवटचा सगळ्यात वाईट कारण त्याने अनुभवच मिळत नाही आणि पुढे तेच कारण दाखवून मागे ठेवतात. तिला सांगा, फील्ड कुणी काढून घेतलं तर भांडून परत घ्यायचं. जिऑलॉजिस्ट सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत या 1983 च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या, मग सांगोल्याची पोरगी माण नदीच्या काठाने का नाही फिरणार? खाणींचं मात्र लक्षात ठेवा, 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदीच होती, 2019 मध्ये पहिल्यांदा सवलत मिळाली, तेव्हा तांत्रिक आणि सुपरवायझरच्या कामासाठी, लेखी संमती घेऊन, सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्या वेळात खाली जाता येऊ लागलं. म्हणून कोळसा आणि खनिजाच्या लाइनला मुली आत्ता कुठे दिसायला लागल्यात.

प्रश्न : सर/मॅडम, मी एमएस्सी जिऑलॉजी, वय 28. पाण्याच्या एका सरकारी योजनेत कंत्राटावर होतो, योजना संपली, काम गेलं. आता बीएड करू का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तुझी काही चूक नाही हे आधी ऐक. अटल भूजलसारखी केंद्राची भूजल योजना, सात राज्यं, 6,000 कोटी, त्यात जागोजागी तज्ज्ञ लागले पण बरेचसे कंत्राटावर, योजना संपली की गावाचा सगळा अभ्यास डोक्यात असलेला माणूसच घरी जातो. मला ही पद्धत अजिबात पटत नाही, पाणलोट समजायलाच दोन-तीन पावसाळे जातात. प्रायव्हेटला पण जपून, माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाला एका सल्लागार कंपनीने चार महिने पगारच दिला नव्हता, म्हणून ऑफर लेटर हातात आल्याशिवाय साइटवर जायचं नाही.

वय 28 म्हणजे यूपीएससी अजून आहे, ओबीसी असशील तर तीन आणि एससी-एसटी असशील तर पाच वर्षं जास्त मिळतात. सोबत गेट परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर दे. ओएनजीसी, कोल इंडिया यांच्याही जाहिरातींवर नजर ठेव, ओएनजीसीत अधिकाऱ्याची सुरुवात मूळ 60,000 पासून आहे. दरम्यान हाताला काम हवं तर जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशांचं काम पक्कं कर आणि जमिनीखालचे थर विजेने ओळखायचा रेझिस्टिव्हिटी सर्वे स्वतः करायला शीक, चार खुंट्या ठोकून करंट सोडायचा, रीडिंग घ्यायचं, ग्राफ काढायचा, आणि मुख्य म्हणजे बेसाल्टमध्ये त्याचा अर्थ लावायचा. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या खडक कुठे, गेरूचा पट्टा कुठे आणि काळा फत्तर कुठे लागणार हे ज्याला सांगता येतं त्याला काम मिळतं. कारखान्यांना भूजल उपसायच्या परवानगीसाठी, मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण अहवालासाठी हायड्रोजिऑलॉजिस्ट लागतो. पुण्यातल्या अॅक्वाडॅमसारख्या संस्थेत भूजलाचं ट्रेनिंग मिळतं, तेही बघ. बीएड वाईट नाही, पण 32 पर्यंत हा रस्ता सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : हायड्रॉलॉजिस्ट आणि हायड्रोजिऑलॉजिस्ट एकच का? (बारावीचा विद्यार्थी, जालना)

उत्तर : नाही. पाऊस, नदी, धरण, पूर यांचा हिशोब करतो तो हायड्रॉलॉजिस्ट, आणि जमिनीखाली खडकात शिरलेलं पाणी बघतो तो हायड्रोजिऑलॉजिस्ट. आपल्याकडे पहिल्या कामाला बहुतेक सिव्हिल इंजिनिअर असतात, त्याचं उच्च शिक्षण आणि संशोधन रुरकीला चांगलं आहे, राष्ट्रीय जलविज्ञान संस्था 1978 पासून तिथेच आहे. दुसऱ्यासाठी बीएस्सीला जिऑलॉजी घ्यावं लागतं आणि ते प्रत्येक कॉलेजात नसतं, म्हणून अॅडमिशनच्या आधी चौकशी कर. गणित आणि फिजिक्स बारावीला सोडलं नसशील तर दोन्ही रस्ते तुला अजून मोकळे आहेत.