लीज आत्ताच वाढवा, पण पेन्शन का सोडलीत?

लंडनच्या हॅरोमधून एका वाचकाचं पत्र आलंय. तिथे फ्लॅट बहुतेकदा ठरावीक वर्षांच्या लीजवर असतो; मूळ मालक म्हणजे फ्रीहोल्डर, आणि त्याला द्यायचं वार्षिक भाडं म्हणजे ग्राउंड रेंट. "फ्लॅटची लीज ८० वर्षं ५ महिने उरलीय. किंमत साधारण ३ लाख पौंड, ग्राउंड रेंट वर्षाला २५०. फ्रीहोल्डर ७ हजारांत लीज ९९ वर्षांची करून द्यायला तयार आहे. मित्र म्हणतात थांब, नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द होणार आहे. बचत १६ हजार, पगार ६० हजार, गृहकर्ज २ लाख १० हजार बाकी. सात-आठ वर्षांत पुण्याला परतायचं म्हणून ऑफिसची पेन्शन बंद केली. कंपनी माझ्याइतकेच ५ टक्के घालायची. ते पैसे बँकेच्या मॅनेजरने सुचवलेल्या यूलिपमध्ये (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली भारतातली पॉलिसी) घातले. वर्षाला ४ लाख रुपये, तीन हप्ते झाले. १२ टक्के गॅरंटी आहे आणि सगळं टॅक्स-फ्री. तर लीज आत्ता वाढवू की थांबू?"

थांबू नका. मॅरेज व्हॅल्यू म्हणजे लीज वाढल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते, तिच्यातला फ्रीहोल्डरला द्यायचा निम्मा वाटा. ती लागते लीज ८० वर्षांच्या खाली गेल्यावर. तुम्हाला ती आज लागूच नाही, मग ती रद्द व्हायची वाट कशाला बघताय? तो नवा, २०२४चा कायदा मंजूर झालाय, पण त्यातली ही तरतूद मी हे लिहीपर्यंत लागू झालेली नाही. आज लीज वाढवून मागणारी कायदेशीर नोटीस दिलीत तर फ्रीहोल्डरला साधारण साडेनऊ हजार द्यावे लागतील. दोन्ही बाजूंचे वकील आणि सर्व्हेयर तुमच्याच खर्चाने, म्हणून एकूण १४ हजार धरा. पाच महिने गेले आणि कायदा आला नाही, तर आणखी बारा-चौदा हजार अंगावर येतील.

फ्रीहोल्डरचं ७ हजारांचं पत्र बाजूला ठेवा. त्यात लीज जेमतेम १९ वर्षांनी वाढते, आणि तसे करार साधारणपणे जुनं ग्राउंड रेंट उरलेल्या मुदतीभर चालूच ठेवतात. वर्षाला २५० म्हणजे ८० वर्षांत २० हजार. सध्या लागू असलेल्या १९९३च्या लीजच्या कायद्याने तुम्हाला ९० वर्षं वाढवून मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्य होतं. त्याच कायद्याच्या कलम ४२ची ही नोटीस ज्या दिवशी बजावली जाते, त्या दिवसाची उरलेली मुदत हिशेबात धरतात. त्यामुळे आत्ता फक्त नोटीस जायला हवी. फ्रीहोल्डर १० टक्के अनामत मागू शकतो. बाकीचे पैसे व्यवहार पूर्ण होताना, म्हणजे काही महिन्यांनी. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नोटीसही दोघांची हवी, आणि ती या कामातल्या वकिलाकडूनच करून घ्या.

हा प्रश्न सोपा होता. पत्रातली खरी चिंतेची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत.

पगारातले ३ हजार पेन्शनमध्ये जायचे, कंपनी ३ हजार घालायची. तुम्ही आयकराच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे तुमच्या ३ हजारांनी हातातला पगार १८००नेच कमी व्हायचा. १८०० सोडले की ६ हजार जमा! हे तुम्ही तीन वर्षं नाकारलंत. कंपनीचे ९ हजार आणि करसवलतीचे ३६०० गेले. पेन्शन काढताना कर लागतो हे धरूनही नुकसान मोठं आहे, आणि ज्या लीजच्या खर्चाने तुमची झोप उडालीय, जवळपास तेवढंच आहे. परत गेल्यावर पेन्शन बुडते हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती तुमच्याच नावावर राहते. फक्त वयाची अट आहे: आज ५५, एप्रिल २०२८पासून ५७.

आता यूलिप. या विक्रीचा मला मनापासून राग येतो. बाजारावर चालणाऱ्या योजनेत १२ टक्क्यांची गॅरंटी नसतेच. तुम्ही सही केलेला विक्रीचा तक्ता काढून बघा: आकडे ४ आणि ८ टक्क्यांचे असतील, आणि तेही खात्रीचे नाहीत असं शेजारीच छापलेलं असेल. करमुक्तही नाही. फेब्रुवारी २०२१नंतरच्या यूलिपला वर्षाला अडीच लाखांवर हप्ता असेल तर भारतात नफ्यावर कर लागतो, आणि ब्रिटनमध्ये राहत असताना पैसे काढलेत तर परदेशी पॉलिसीचा नफा इथेही करपात्र. राहता राहिला विमा. हप्त्याच्या दहापट धरला तर ४० लाख रुपये, म्हणजे अंदाजे ३५ हजार पौंड, आणि डोक्यावर कर्ज २ लाख १० हजारांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांनी कर्ज कशातून फेडायचं? इथला साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), कर्जाएवढा, याच महिन्यात घ्या.

चौथा हप्ता भरू नका. पाच वर्षं होईपर्यंत पैसे निघणार नाहीत, पण चौथ्या वर्षी हप्ते थांबवण्याचा आकार जास्तीत जास्त २ हजार रुपये आहे, आणि अडकलेल्या रकमेवर किमान ४ टक्के मिळतात. मॅनेजर फोन करून "आत्ता सोडलंत तर नुकसान" म्हणेलच. त्याला २ हजारांचा हा आकडा सांगा.

लीजचे १४ हजार पौंड बचतीतूनच द्या. हाताशी २ हजारच उरतील, ते फार कमी आहेत. म्हणून हप्त्याच्या वाचलेल्या साधारण साडेतीन हजार पौंडांतून आधी पेन्शनचे १८०० जाऊ द्या आणि उरलेले पूर्ण बचतीत टाका. एचआरला पेन्शन पुन्हा सुरू करायचा मेल उद्याच करा, आणि एनआरई खात्यावरचा (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) हप्त्याचा ऑटो-डेबिट पुढची तारीख येण्याआधी बंद करा.