इंजिनाची घूंघूं आणि जॉब कार्डावरचं 'ओके'

प्रश्न : वकीलसाहेब, मार्केट यार्डात माझं गुळाचं अडत दुकान आहे. चौदा महिन्यांपूर्वी ११ लाख ४० हजारांना नवी पेट्रोल गाडी घेतली, दुकानाच्या नावावर. वापर घरचाच. चार महिन्यांतच बॉनेटखालून घूंघूं आवाज सुरू झाला. शोरूमच्या वर्कशॉपला चार चकरा झाल्या. दर वेळी 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके' म्हणून गाडी परत. आता म्हणतात, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलावा लागेल, ३८ हजार होतील, आणि बाहेरून जादा लाइट बसवल्यामुळं तुमची वॉरंटी गेली. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणतो, गाडी सोडा, दोन दिवसांत खोलून दाखवतो. मला गाडी बदलून मिळेल का? हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे, तिथं थेट जाता येईल का?

उत्तर : आधी मिस्त्रीला फोन करा आणि सांगा, गाडीला पाना लावायचा नाही. त्याच्या हुशारीवर माझा अविश्वास नाही. उद्यमनगरातली माणसं नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखतात, हे मी पाहिलंय. पण मागं माझ्या एका अशिलानं असंच इंजिन बाहेर खोलून घेतलं. दोष खरा होता, सापडलाही. ग्राहक आयोगापुढं मात्र समोरच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला : हा दोष खोलण्याआधीचा कशावरून? आमच्याकडं उत्तर नव्हतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते चार जॉब कार्डांवरचं, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवरचं, 'ओके'. ती कार्डं काढून बघा. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? बहुतेक 'जनरल चेकअप' किंवा 'नॉइज' एवढंच असेल, आणि खाली तुमची सही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही चार वेळा गेलात आणि चारही वेळा समाधानानं गाडी घेऊन आलात.

'आवाज येतो' ही तक्रार कायद्याच्या दृष्टीनं फार पातळ आहे. कोणता आवाज, कधी, किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), हे लिहिलं की तिला वजन येतं. म्हणून पाचव्या चकरेआधी तुम्ही स्वतः थोडं काम करा. सकाळी गार इंजिन चालू करा, गाडी न्यूट्रलमध्ये जागेवर उभी, एसी बंद. मोबाइल असा धरा की आरपीएम मीटरचा काटा चित्रात दिसेल. हळूहळू रेस द्या. मग एसी लावून पुन्हा तेच. मग गाडी तापल्यावर, पन्हाळ्याच्या चढाला, आणि तेव्हा मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात.

यातून बरंच कळतं. एसी बंद केल्याबरोबर आवाज थांबत असेल तर बोट कॉम्प्रेसरकडं जातं. जागेवर उभ्या गाडीत रेसबरोबर आवाजाची पट्टी चढत असेल, तर इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) फिरणारं काहीतरी : अल्टरनेटर, पट्टा ताणून धरणारी टेन्शनरची पुली, वॉटर पंप. आवाज ठरावीक आरपीएमलाच येऊन पुढं गायब होत असेल, तर बऱ्याचदा एखादा पत्रा किंवा ब्रॅकेट कंप पावत असतो. माझ्याच गाडीत सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा असा दोन महिने गुणगुणत होता, आणि मी इंजिन गेलं म्हणून झोप घालवून बसलो होतो. शेवटी एका क्लिपेवर भागलं. तुमच्या वर्कशॉपनं अल्टरनेटरचं नाव कशावरून घेतलं, हे त्यांनी लिहून दिलंय का? पट्टा तात्पुरता उतरवून क्षणभर इंजिन चालवलं, की आवाज पट्ट्यावरच्या भागांचा की इंजिनाचा, हे समजतं. ही तपासणी केली की नाही, एवढं तरी विचारा.

ते व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कॉपीवर विसंबू नका. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडू.

मग पाचव्यांदा जा. वर्कशॉपच्या अॅडव्हायझरला सोबत बसवून गाडी चालवा, त्याला आवाज ऐकवा आणि जॉब कार्डावर स्वतःच्या हातानं लिहा : 'गार इंजिन, एसी बंद, अमुक आरपीएमला बॉनेटखालून सलग घूंघूं, अमुक तारखेपासून पाचवी तक्रार.' तो म्हणेल, साहेब, सिस्टिममध्ये एवढं बसत नाही. मग तेच त्याच्यासमोर ई-मेल करा, कंपनीच्या ग्राहक विभागालाही. गाडी घेताना 'आवाज कायम' असं लिहूनच सही करा.

आता लाइट. जादा लाइट लावले म्हणून इंजिनाची वॉरंटी आपोआप जात नाही. त्या फिटिंगमुळंच हा बिघाड झाला हे म्हणणाऱ्यानं दाखवायला हवं. पण वॉरंटी पुस्तिकेतलं बदलांविषयीचं कलम मला पाठवा, आणि लाइट वेगळ्या रिलेवर, म्हणजे स्वतंत्र जोडणीवर, घेतलेत की कंपनीची वायर तोडून जोड दिलाय, तेही सांगा. जोड दिला असेल तर त्यांची बाजू बळकट होते, कारण जादा भार अल्टरनेटरवरच येतो. लाइटचा फ्यूज काढून एक व्हिडिओ घ्या, पण वायरिंग सोडवू नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. नोटिशीत लाइटचा उल्लेख आपणच करायचा.

गाडी बदलून मिळेल का? आजच्या कागदांवर नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आवाजाचंच एक प्रकरण फियाट कंपनीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१० च्या त्या निकालात न्यायालयानं सरळ गाडी बदलून दिली नाही. स्वतंत्र तज्ज्ञानं मूळ उत्पादनदोष असल्याचं सांगितलं तरच पैसे परत, असं ठरवलं. म्हणून आपली पहिली मागणी दोष विनाखर्च दूर करण्याची आणि भरपाईची ठेवू. पैसे परतीची मागणी तज्ज्ञाचा अहवाल तसा आला तर, अशी पर्यायी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. त्यासाठीची फी आधी तक्रारदारालाच भरावी लागते, तेवढी तयारी ठेवा.

गाडी दुकानाच्या नावावर आहे, यावर हमखास हरकत येणार : व्यापारी कारणासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. एका कंपनीनं संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या मर्सिडीज गाड्यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ही हरकत फेटाळली. मुख्य वापर कशासाठी, हे बघतात. मात्र त्या गाडीतून गुळाच्या ढेपा गेल्या असतील तर मला आत्ताच सांगा.

सर्किट बेंचचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाल्यापासून मला हा प्रश्न जागेच्या वादापासून गॅस सिलिंडरपर्यंत प्रत्येक बाबतीत विचारला जातो. तुमचं काम जिल्हा ग्राहक आयोगाचं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथंच; तुमच्या रकमेला फी ४०० रुपये. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करायचं, नाहीतर ते एकमेकांकडं बोट दाखवतात. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

मुदत दोन वर्षांची, दाव्याचं कारण घडल्यापासून. आवाज सुरू होऊन दहा महिने झाले. वॉरंटी अजून चालू आहे म्हणून मुदतही चालू राहील, या भरवशावर राहू नका. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. मधल्या काळात आयोगानं मध्यस्थी सुचवली तर तोंड वाकडं करू नका, अल्टरनेटर फुकट आणि वाढीव वॉरंटी एवढ्यावर अशी प्रकरणं मिटू शकतात.

आता ते ३८ हजार. आजच भरू नका. गाडी अडून पडली आणि भरावेच लागले, तर पावतीवर 'हक्क राखून, निषेधासह' लिहा आणि जुना अल्टरनेटर लिहून मागून घ्या. तो गोणीत बांधून दुकानात ठेवा, भंगारवाल्याच्या नजरेपासून लांब.