घरासमोरच्या पाण्यात नांगर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

फ्लोरिडातील नांगरबंदीच्या कायद्यांविषयी या सदरात ओझरता उल्लेख केल्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये किनाऱ्यावर घर असलेले आणि बोटीवर राहणारे असे दोन्ही बाजूंचे वाचक आहेत. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही टँपाजवळ खाडीकाठी घर घेतले आहे. गेले तीन आठवडे एक शिडाची बोट आमच्या धक्क्यापासून जेमतेम शंभर फुटांवर नांगर टाकून उभी आहे. घरपट्टी भरताना किनाऱ्याची किंमत आम्ही मोजतो, मग समोरच्या पाण्यावर आमचा काहीच हक्क नाही का?

हक्क आहे, परंतु तो मालकीचा नाही. फ्लोरिडाच्या राज्यघटनेतील दहाव्या अनुच्छेदाच्या अकराव्या कलमानुसार नौकानयनयोग्य पाण्याखालील जमीन, ती पूर्वीच कोणाला रीतसर दिली गेलेली नसेल तर, राज्याने सर्व लोकांसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली असते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तुमचा सातबारा सरासरी भरतीरेषेपाशी संपतो. त्यापलीकडे किनारी मालमत्तेला जोडून येणारे काही हक्क तुम्हाला मिळतात, जसे पाण्यापर्यंत आणि पाण्यातून ये-जा करणे, पोहणे, मासे धरणे आणि, तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, पाण्याचे दृश्य अडवले न जाणे.

या शेवटच्या हक्काचा आधार घेऊन अनेक घरमालक वाद घालतात, म्हणून त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. ली काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) बांधलेल्या पुलामुळे एका कुटुंबाच्या घरासमोरील पाण्याचे दृश्य मोठ्या प्रमाणावर झाकले गेले, तेव्हा अपील न्यायालयाने १९९८ मध्ये त्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क मान्य केला. मात्र तो पूल होता, कायमचा आणि अचल. वारा फिरला की जागेवरच फिरणारी आणि उद्या नांगर उचलून निघून जाऊ शकणारी बोट पुलाच्या पंक्तीत बसवणे मला ओढूनताणून केलेले वाटते. दृश्यात एखादी नको असलेली वस्तू दिसणे आणि दृश्य अडवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या शहराने ठराव करून बोट हटवावी, असा विचार तुमच्या मनात असेल तर मार्को आयलंड या फ्लोरिडातील शहराचा अनुभव पाहावा. तेथील नगरपालिकेने समुद्रभिंतीपासून ठरावीक अंतराच्या आत नांगर टाकण्यावर तासांची मर्यादा घातली होती. एका नौकामालकाने स्मोकहाउस बे येथे मुद्दाम मुदतीपेक्षा जास्त काळ थांबून दंडाची नोटीस ओढवून घेतली, आणि २००७ मध्ये काउंटी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २००९ मध्ये विधिमंडळाने हा प्रश्न राज्यभरासाठी मिटवला : अधिकृत मुरिंग क्षेत्राच्या (म्हणजे नांगर न टाकता तळाशी कायम बसवलेल्या बोयऱ्यांना बोटी बांधण्याच्या जागेच्या) बाहेर, कायमच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि व्यावसायिक बोटी सोडून इतर बोटींच्या नांगरावर स्थानिक संस्थांना स्वतःचे नियम करता येत नाहीत. २०२१ मध्ये या नियमाला एक अपवाद जोडला गेला, तो पुढील उत्तरात आला आहे.

तीन आठवड्यांचा मुद्दा मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. २०२५ च्या दुरुस्तीनुसार तीस दिवसांत चौदा किंवा अधिक दिवस एकाच परिसरात नांगर टाकून राहायचे असेल तर राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाचा परवाना लागतो. तो विनामूल्य आहे, पण घ्यावा लागतो. तेव्हा आयोगाकडे तक्रार करताना ‘आमचे दृश्य बिघडते’ असे न लिहिता बोट कोणत्या तारखेपासून उभी आहे, रात्री तिच्यावर पांढरा दिवा असतो का, ती एका बाजूला कलली आहे का, तिच्यात पाणी भरत असल्याची चिन्हे आहेत का, एवढेच लिहावे. कायद्याला बोटीच्या वागण्याशी कर्तव्य आहे, तिच्या रूपाशी नाही.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही पतीपत्नी पस्तीस फुटी बोटीतून अंतर्गत जलमार्गाने खाली दक्षिणेकडील कीज बेटांपर्यंत जाणार आहोत. कोणी म्हणते घरांपासून दीडशे फूट, कोणी म्हणते तीनशे फूट अंतर ठेवा. खरा नियम कोणता?

हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते घरांसाठी नाहीत, आणि हाच गैरसमज मला सर्वत्र आढळतो. २०१७ च्या कायद्याने मरिना (बोटी लावून ठेवण्याचे छोटे बंदर), बोटी पाण्यात उतरवण्याचा उतार किंवा बोटयार्ड यांच्यापासून १५० फुटांच्या आत, मोठ्या आलिशान नौकांच्या दुरुस्तीकेंद्रापासून ३०० फुटांच्या आत आणि सार्वजनिक मुरिंग क्षेत्राच्या खुणा केलेल्या हद्दीपासून १०० फुटांच्या आत नांगर टाकण्यास मनाई केली. यामागचे कारण ये-जा मोकळी राहावी हे आहे. खासगी घरांपासून ठरावीक फूट अंतर राखण्याचा सरसकट राज्यव्यापी नियम करावा, अशी मागणी झाली होती, पण ती कायद्यात उतरली नाही.

घरमालकांना जे मिळाले ते २०१६ मध्ये, आणि तेही नेमक्या काही जागांपुरते. ब्रॉवर्ड काउंटीतील मिडल रिव्हरचा एक भाग, मायामी बीचचे सनसेट लेक आणि बिस्केन उपसागरातील रिव्हो आल्टो, डी लिडो, सॅन मरीनो, सॅन मार्को आणि बिस्केन या बेटांमधील काही पट्टे येथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत नांगर टाकता येत नाही. यंत्र बिघडले किंवा हवामान धोक्याचे झाले तर सवलत आहे. या बेटांवर श्रीमंतांची घरे आहेत, हे मायामीच्या वाचकांना सांगायला नको. नकाशावर एवढ्या बारकाईने बेटांची नावे घालणारा कायदा मी तरी क्वचितच पाहिला आहे. त्यातील एक अपवाद वाचून मला हसू आवरले नाही : बोटीवरची माणसे गळ टाकून प्रत्यक्ष मासेमारी करत असतील तर बंदी लागू होत नाही. म्हणजे रात्रभर गळ धरून जागणारा मनुष्य कायद्यात बसतो, आणि दिवसभर शिडे ओढून दमलेले कुटुंब त्याच जागी झोपले तर नियम मोडणारे ठरते. घरमालकाच्या दृष्टीने या दोघांत काय फरक पडतो, हे मला उमगलेले नाही.

२०२१ पासून काउंट्यांनाही अशी क्षेत्रे ठरवता येतात, मात्र त्यांत पूर्ण बंदी नसून सहा महिन्यांत सलग ४५ दिवसांची मर्यादा असते. प्रत्येक क्षेत्र शंभर एकरांपेक्षा लहान असावे लागते आणि त्या सर्वांचे मिळून क्षेत्रफळ काउंटीच्या नौकानयनयोग्य पाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. तुमच्यासारख्या प्रवाशांना ही मर्यादा सहसा जाचत नाही. तरीही या कायद्यांत जवळजवळ दरवर्षी काही ना काही दुरुस्ती होत असल्यामुळे प्रत्येक काउंटीत शिरण्यापूर्वी तेथील ताजे नियम पाहूनच निघावे. तुम्ही उत्तरेकडून येत असाल तर जॉर्जियाचाही विचार करावा लागेल. तेथे २०१९ च्या कायद्यानंतर किनाऱ्यावरील बांधकामांपासून तब्बल हजार फूट दूर राहण्याचा नियम आला होता, आणि नौकामालकांच्या विरोधानंतर २०२० मध्ये ती अंतरे बरीच कमी करण्यात आली.

कायदा काही म्हणो, अंतराचा हिशोब स्वतः करावा. तीन मीटर खोल पाण्यात, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची एक मीटर धरली आणि सातपट साखळी सोडली, तर २८ मीटर साखळी पाण्यात जाते. त्यात तुमच्या बोटीची साडेदहा मीटर लांबी मिळवली की भरती-ओहोटीबरोबर तुमची बोट सुमारे ३८ मीटर, म्हणजे सव्वाशे फूट त्रिज्येच्या घेरात फिरणार. याचा अर्थ एखाद्याच्या धक्क्यापासून शंभर फुटांवर नांगर टाकणारा नौकामालक एक तर साखळी कमी सोडतो, किंवा रात्री कधीतरी त्या धक्क्याला भेट देणार असतो. हे वाक्य टँपाच्या वाचकांनीही टिपून ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांनी मिळून घरांसमोरच्या पाण्यात स्वतःच्याच छोट्या होड्या बांधून ठेवल्या, तर बाहेरच्यांना जागाच उरणार नाही. हे चालेल का?

ही युक्ती नवी नाही. वर उल्लेख केलेल्या सनसेट लेकमध्ये २०१६ च्या कायद्यापूर्वी एका रहिवाशाने नेमके हेच केले होते, आणि नांगरलेल्या बोटींना कंटाळलेल्या माणसाने पाणी नांगरलेल्या होड्यांनीच भरून टाकले. सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे, हे तत्त्व नको असलेल्यांनी त्याच तत्त्वाच्या आधाराने ते पाणी अडवावे, यातली गंमत सोडली तर माझे उत्तर ‘करू नका’ असे आहे. रिकाम्या, दिवे नसलेल्या होड्या रात्री धोक्याच्या असतात, आणि त्यांतली एखादी बुडाली किंवा सुटून वाहत गेली तर जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडेल.

प्रश्न : या बोटींवरचा मैला सरळ पाण्यात जातो, हे खरे कारण कोणी बोलत का नाही?

बोलतात, आणि काही ठिकाणी त्यात तथ्यही आहे. पण त्यासाठी नांगरबंदीची गरज नाही, कारण प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्याजवळच्या पाण्यात सोडणे संघराज्याच्या स्वच्छ जल कायद्याखाली आधीपासूनच बेकायदा आहे. कीज बेटांभोवतीच्या राज्याच्या पाण्यात २००२ पासून प्रक्रिया केलेला मैलाही सोडता येत नाही. अशा विसर्जनबंदीच्या क्षेत्रात किंवा मुरिंग क्षेत्रात सलग दहा दिवसांहून अधिक राहणाऱ्या बोटींकडून टाकी रिकामी केल्याचा पुरावा मागण्याची मुभा स्थानिक संस्थांना आहे. अडचण अंमलबजावणीची आहे, कारण रात्री कोणी कोणती झडप उघडली हे पाहायला पाण्यावर माणूस लागतो.

बेवारस बोटींचेही असेच आहे. आत पाणी शिरत असून ते उपसण्याची सोय नसलेली, बंद करण्याच्या जागा बंद न होणारी किंवा नांगर तुटण्याच्या बेतात असलेली बोट बुडण्याची वाट न पाहता तिच्यावर कारवाई करण्याची तरतूद फ्लोरिडात २०१६ पासून आहे. घरमालकांची सर्वांत रास्त तक्रार हीच आहे, कारण बुडालेली बोट काढण्याचा खर्च शेवटी करदात्यांच्या माथी येतो. मात्र अशा बोटींची छायाचित्रे दाखवून, नीट निगा राखलेल्या आणि दोन रात्री थांबून पुढे जाणाऱ्या बोटींवर बंदी मागितली जाते, तेव्हा मला ती लबाडी वाटते. उलट बाजूने नौकामालकही आपल्यातल्या अशा बोटींविषयी मौन बाळगतात आणि मग कडक कायदा आला की आश्चर्य व्यक्त करतात.

प्रश्न : एवढा वाद करण्यापेक्षा सर्व बोटींनी पैसे भरून मुरिंगला का बांधून घेऊ नये?

जेथे मुरिंगची चांगली सोय आहे तेथे बरेच जण आनंदाने तसे करतात. कीज बेटांवरील मॅरेथॉन शहराच्या बूट की हार्बरमध्ये २२६ मुरिंग आहेत आणि त्यामुळे तेथील तळाची हानीही कमी होते, कारण नांगर व साखळी समुद्रगवत खरवडून काढतात. परंतु प्रत्येक खाडीत अशी सोय नाही. शिवाय वादळ चालून येत असता किंवा अंधार पडत असता जवळच्या आडोशाला नांगर टाकता येणे हा नौकानयनाचाच भाग आहे. घाटात धुके दाटल्यावर गाडी बाजूला घेणाऱ्याला जवळच्या हॉटेलात खोली घे असे आपण सांगत नाही.

प्रश्न : मी पणजीची रहिवासी आहे. आमच्या मांडवीत कॅसिनोंच्या बोटी वर्षानुवर्षे नांगरून आहेत. फ्लोरिडातील नौकामालकांचे ‘पाणी सर्वांचे’ हे तत्त्व मान्य केले तर या बोटींनाही तोच हक्क मिळतो का?

मिळत नाही, आणि प्रश्न फार नेमका आहे. नांगर टाकण्याचा सार्वजनिक हक्क हा प्रवासाच्या हक्काची सावली आहे. जो प्रवास करतो त्याला थांबता आले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मांडवीतील कॅसिनो कोठे जात नाहीत. ग्राहक लहान बोटींतून त्यांच्याकडे येतात. ते सरकारी परवान्याने, वारंवार मिळणाऱ्या मुदतवाढीवर उभे आहेत. फ्लोरिडाच्या कायद्यातही व्यवसायाचे ठिकाण म्हणून चालवली जाणारी बोट प्रवासी नौकांच्या संरक्षणात येत नाही आणि तिच्यावर स्थानिक संस्थेला नियम करता येतात.

सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतातही लागू आहे. हिमाचलातील बियास नदीकाठच्या एका हॉटेल प्रकल्पासंबंधीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले, आणि तसे करताना शिकागोच्या सरोवरकाठासंबंधीच्या १८९२ च्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला. म्हणजे फ्लोरिडातील नौकामालक ज्या तत्त्वाच्या बळावर नांगर टाकू पाहतो, त्याच तत्त्वाच्या बळावर पणजीकर ‘नदी एका धंद्यासाठी कायमची का अडवली’ असे विचारू शकतो. येथे विश्वस्त सरकार आहे आणि परवाना देणारेही सरकारच आहे, त्यामुळे प्रश्न बोटमालकापेक्षा सरकारला विचारावा लागेल.

प्रश्न : नांगर घसरून बोट आमच्या धक्क्यावर आदळली तर नुकसान कोण भरणार?

बहुतेक वेळा बोटमालक. अमेरिकी सागरी कायद्यात वाहत आलेली बोट स्थिर वस्तूवर आदळली तर दोष बोटीचा, असे गृहीत धरले जाते, आणि अपघात टाळणे अशक्यच होते हे सिद्ध करण्याचा भार तिच्या मालकावर असतो. बोटीचा नोंदणी क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे तत्काळ काढावीत, तटरक्षक दल किंवा मत्स्य आयोगाला कळवावे, आणि स्वतःच्या विमा कंपनीलाही लेखी सूचना द्यावी. रागाच्या भरात तिचा दोर कापून ती सोडून देऊ नये. ती पुढे शेजाऱ्याच्या धक्क्यावर गेली, तर तेथील नुकसानीसाठी तुम्हालाच जबाबदार धरले जाऊ शकते.