जुन्या लॅपटॉपवर क्रोमओएस फ्लेक्स

प्रश्न : २०१३ चा डेल लॅपटॉप आहे, रॅम ४ जीबी. विंडोज फार रखडतं. मुलीच्या अभ्यासासाठी क्रोमओएस फ्लेक्स (विंडोजऐवजी चालणारी गूगलची प्रणाली) टाकावं का? — एक वाचक, दादर

उत्तर : टाका, पण आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाईल. क्रोम ब्राउझरमध्ये ‘क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी’ हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) घालून, यादीतून क्रोमओएस फ्लेक्स निवडून पेनड्राइव्ह तयार करा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबत राहा, यूएसबी निवडा. आता वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासा. जुन्या यंत्रांत बहुधा वाय-फायच अडतं, आणि नेटविना ही प्रणाली लंगडीच. पेनड्राइव्हवर ती थोडी संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क पुसली जाते, विंडोजसकट! फोटो, कागदपत्रं आधीच दुसरीकडे उतरवा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा प्ले स्टोअरची अॅप्स यावर चालत नाहीत. घरात कुणाला टॅली लागत असेल तर हा नाद सोडा. गूगल डॉक्समध्ये ‘ऑफलाइन’ हा पर्याय, म्हणजे नेटविना काम करण्याची सोय, नेट असतानाच चालू करून ठेवा. मराठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मिळतो.