‘बुवा आला’ म्हणत पहाटे उठणारी मुलगी

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. गेल्या महिनाभरापासून आठवड्यातून दोन-तीनदा ती पहाटे तीन-चारच्या सुमारास किंचाळून उठते, ‘बुवा आला’ म्हणत माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारते आणि पुन्हा झोपायला तयार होत नाही. सासूबाई म्हणतात, तिला आपल्याजवळच झोपवा. यजमानांना मात्र तशी सवय लागेल अशी धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर : आपण वेळ कळवलीत, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले. ज्या झोपेत स्वप्ने अधिक पडतात, बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलताना दिसतात, ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पहाटे पूर्ण जागे होणे, आईला ओळखून बिलगणे आणि काय दिसले ते सांगणे, ही दुःस्वप्नाचीच लक्षणे आहेत. निद्राभय हा प्रकार वेगळा. त्यात मूल बहुधा झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत गाढ झोपेतून अर्धवट उठते, डोळे सताड उघडे असूनही आईला ओळखत नाही, जवळ घेतल्यास ढकलते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तशा मुलाला हलवून जागे करू नये, त्याला कुठे लागणार नाही एवढेच पाहावे. आपल्या मुलीला मात्र लगेच जवळ घ्यावे.

मोठा दिवा लावू नये. पाठीवरून हात फिरवत ‘आई इथेच आहे’ एवढेच हळू आवाजात म्हणावे; काय दिसले, कुठे होता, अशी चौकशी त्या वेळी नको. या वयात कल्पनाशक्ती फुलू लागलेली असते, पण स्वप्न आणि सत्य यांतला फरक अजून कळत नसतो. काही घरांत वडीलमंडळी मायेपोटी काठी घेऊन पलंगाखालच्या बुवाला हाकलतात. मला हा उपाय पसंत नाही, कारण ज्याला हाकलावे लागले तो तिथे खरोखरच होता, असा अर्थ मूल काढू शकते. दिवसा तिने आपणहून विषय काढला, तर तिच्यासोबत बुवाचे चित्र काढून त्याला मोठ्ठी टोपी आणि वाकड्या मिशा द्याव्यात. ज्याला हसता येते त्याची भीती ओसरते.

सवयीबद्दल म्हणाल, तर एखाद्या रात्री जवळ घेतल्याने काही बिघडत नाही. ती एरवी वेगळी झोपत असल्यास तिच्याच अंथरुणाशी बसून शांत करणे अधिक बरे.

आता एक अवघड प्रश्न मी आपल्याला विचारते : हा बुवा घरात आला कुठून? ‘जेवली नाहीस तर बुवा येईल’ असे कुणी म्हणत असेल, तर ते आजपासून बंद करावे. महिनाभरापूर्वी काय बदलले, तेही आठवून पाहावे : नवे पाळणाघर, ताप, घरात आलेले बाळ किंवा सुटलेली दुपारची झोप. एक वर्षापासून तिसरा वाढदिवस होईपर्यंतच्या मुलांना दुपारची धरून 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्यांना 10 ते 13 तास झोप लागते. ती कमी पडली की रात्री बिथरतात. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल व टीव्ही बंद असावा.

अंग ताठ होणे, झटके येणे, मोठ्याने घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे यांपैकी काही दिसल्यास, किंवा ती दिवसाही भेदरलेली राहत असल्यास, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना अशा एखाद्या रात्रीचे मोबाइलवरील छोटे चित्रण सोबत न्यावे, त्यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.