पहिली भाषा पायथॉन, पहिलं फ्रेमवर्क फ्लास्क

वेबसाइट बनवायला शिकताना प्रोग्रामिंगची भाषा कोणती घ्यायची, यावर महिनाभर घोळ घालू नका, पायथॉन घ्या. जँगो हे पायथॉनचं मोठं फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) मात्र लगेच नको. त्यात मॉडेल (डेटाची रचना), मायग्रेशन (त्या रचनेतले बदल डेटाबेसमध्ये नेणं), अ‍ॅडमिन सगळं एकदम अंगावर येतं. फ्लास्क या छोट्या फ्रेमवर्कमध्ये पाच-सहा ओळींत पान दिसतं.

आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारी जागा) बनवून चालू करा, मगच पिपने (पायथॉनच्या लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने) फ्लास्क टाका. नवीन टर्मिनल उघडलं की ते पुन्हा चालू करावं लागतं. विसरलात की ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा एरर येतो आणि लोक उगाच फ्लास्क पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. आपल्या फाइलला ‘फ्लास्क डॉट पीवाय’ असं नाव तर अजिबात देऊ नका. इम्पोर्ट करताना पायथॉन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो.

एक फॉर्म, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये दोन टेबलं आणि लॉगिन, एवढं हाताने जमलं की जँगोकडे वळा.