वाचक विचारतात : ग्योटिंगेन, विद्यापीठाचं गाव

प्रश्न : माझी नात जर्मनीत ग्योटिंगेनला शिकायला गेली आहे. "तुझं कॉलेज स्टेशनपासून किती लांब?" असं फोनवर विचारलं, तर म्हणते, "आजोबा, ते एका जागी नाहीच." नकाशातही विद्यापीठाची कमान किंवा कुंपण सापडलं नाही. हे कसं?
— एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : नात बरोबर सांगते. पुण्यात गणेशखिंडीला वळलं की विद्यापीठाचं आवार लागतं. तसं एकच आवार तिथे नाही. जुन्या इमारती गावात मिसळल्या आहेत. भाषा, इतिहास, कायदा, अर्थशास्त्र हे विषय आणि मोठं ग्रंथालय गावाच्या जुन्या तटबंदीबाहेर आहे. विज्ञानाचे बरेच विभाग त्याहून उत्तरेला, टेकडीच्या बाजूला आहेत.

असं होण्याचं कारण इतिहासात आहे. गाव विद्यापीठाहून खूप जुनं, त्याचा पहिला लेखी उल्लेख ९५३ सालचा. मध्ययुगात व्यापारावर भरभराटलं, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धानंतर खंगलं. अठराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हॅनोव्हर या जर्मन राज्याचाही राज्यकर्ता होता, आणि ग्योटिंगेन त्याच राज्यात होतं. त्याने १७३४ मध्ये विद्यापीठाची सनद काढली, १७३७ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. म्हणून विद्यापीठाचं नाव गेओर्ग-आउगुस्ट. खरी आखणी मात्र त्याचा मंत्री म्युन्शहाउझेन याची. त्याने दोन गोष्टी ठरवल्या आणि गावाचं नशीब पालटलं. एक, धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना इतर विषयांच्या लेखनावर देखरेख करण्याचा अधिकार द्यायचा नाही. इतर अनेक विद्यापीठांत तो अधिकार होता. दोन, ग्रंथालयासाठी दरवर्षी नियमित पैसा ठेवायचा आणि पुस्तकं कुलपात न ठेवता वापरायला द्यायची. ख्रिस्तियान हाइने १७६३ पासून १८१२ पर्यंत ग्रंथपाल होता. त्याच्या हाताखाली संग्रह सुमारे दोन लाख ग्रंथांपर्यंत गेला. युरोपभरातून माणसं ग्योटिंगेनला येत ती निम्मी या कपाटांसाठी, असं म्हटलं तरी चालेल.

आणि वर्ग कुठे भरत? अठराव्या शतकात प्राध्यापक आपल्या घरातच शिकवत. घरातला एक मोठा दिवाणखाना, त्यात बाकं. विद्यार्थी भाड्याने राहत तेही गावकऱ्यांच्याच माडीवर. विद्यापीठ घराघरांत वाढलं, म्हणून कुंपण घालायची वेळच आली नाही. आजही जुन्या गावात भिंतीवर संगमरवरी पाट्या दिसतात : नाव आणि राहण्याची वर्षं. अशा तीनशेहून अधिक पाट्या आहेत. नातीला सांगा, वाण्याकडे जाताना मान वर करून चालायचं.

प्रश्न : रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना याच गावच्या विद्यापीठाने डॉक्टरेट दिली होती का? संबंध काय?
— पंचवटी

उत्तर : हो, १८८५ मध्ये सन्मान म्हणून दिली. संबंध संस्कृतचा आणि तो पुण्यातून जातो. ग्योटिंगेनमध्ये टेओडोर बेन्फाय याने पंचतंत्राचं जर्मन भाषांतर १८५९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि कथा एका देशातून दुसऱ्या देशात कशा गेल्या याचा माग काढला. त्याचा शिष्य फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला आणि १८८१ पर्यंत राहिला. पुण्यातल्या शास्त्र्यांकडे बसून तो व्याकरण शिकला. आपल्याकडच्या पाठपरंपरेचा त्याने मान राखला. नागोजीभट्टाच्या परिभाषेन्दुशेखराचं संपादन आणि भाषांतर केलं. पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईहून निघाली. पुढे पुण्यात काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी ती सुधारून पुन्हा काढली, आणि अभ्यासक आजही तीच उघडतात. १८८२ पासून कीलहॉर्न ग्योटिंगेनला प्राध्यापक होता. म्हणजे पुण्याच्या पाठशाळेतली व्याकरणाची शिस्त तिथल्या वर्गात थेट पोचली.

नाशिककरांसाठी एक गोष्ट मुद्दाम. भांडारकरांनी १८७४ च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी जो निबंध लिहिला, तो आपल्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवर होता. गौतमीपुत्र सातकर्णी, नहपान, उषवदात ही नावं आज शाळेतली मुलं घेतात, ती त्या ओळी अशा एकेक अक्षर लावून वाचल्या गेल्या म्हणून. लेण्यांवर जाल तेव्हा व्हरांड्याच्या भिंतीवरचे लेख सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. दुपारी अक्षरं सपाट होतात आणि काहीच उठून दिसत नाही.

प्रश्न : 'ग्योटिंगेनचे सात' कोण?
— इंदिरानगर

उत्तर : राजाला लेखी विरोध करणारे सात प्राध्यापक. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली. पण हॅनोव्हरच्या वारसा कायद्यात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी नव्हती. ती तिच्या काकाला, एर्न्स्ट आउगुस्टला मिळाली. त्याने येताच १८३३ ची राज्यघटना रद्द केली. सातजणांनी नोव्हेंबरमध्ये लिहून दिलं, की आम्ही या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही. डिसेंबरमध्ये सातही जण बडतर्फ झाले. तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला सांगितलं, त्यात याकोब ग्रिम होता. परीकथा गोळा करणारे ते दोघे ग्रिम बंधू सातांत होते. आज नवं ग्रंथालय ज्या चौकात आहे, त्या चौकाला या सातांचं नाव आहे.

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.२. ग्योटिंगेनला अर्ज करावा का?
— नाशिक रोड

उत्तर : मेकॅनिकलमध्येच पुढे शिकायचं असेल, तर नको. या विद्यापीठात इंजिनिअरिंगची शाखाच नाही. तिथलं बळ भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, जीवशास्त्र, शेती आणि वनशास्त्रात आहे. घरची द्राक्षबाग आहे म्हणून कोणी विचारत असेल, तर खास द्राक्षासाठी ऱ्हाइनकाठचं गायझेनहाइम पाहावं. तिथली संस्था १८७२ पासून द्राक्षवेल आणि फळबागांवर काम करते.

गाव कोणतंही निवडा, पुढचं गणित सारखंच. जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. रूपांतर असं : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा. कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ८.२ ला, कमाल १० आणि किमान ४ धरून : १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. इथे चूक होते ती किमान गुणांत. ४ ऐवजी ५ धरलं, तर तेच उत्तर २.१ जवळ जातं आणि जिथे २.० ची अट असते, तिथे अर्ज बाद होतो. गुणपत्रिकेच्या मागे छापलेला किमान ग्रेड पॉइंटच धरा.

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दूतावासाच्या केंद्राचा दाखला, लागतं. निकाल लागल्यावर त्याच्या मागे लागायचं म्हटलं तर उशीर होतो, म्हणून आधीच सुरुवात करा. आपल्याकडची हमखास अडचण नावाची : गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पुढे स्वतःचं आणि वडिलांचं, पासपोर्टवर क्रम वेगळा आणि एखादं नाव गायब. सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं लिहा. फरक असेल, तर प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटसाठी (राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो लागतात, महिन्याला ९९२. हा आकडा बदलतो. पैसे भरायच्या आठवड्यात पुन्हा पाहा. ग्योटिंगेन ज्या लोअर सॅक्सनी राज्यात आहे, तिथे सरकारी विद्यापीठांत साधारणपणे शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी. इतर राज्यांत हाच नियम असेल असं धरू नका : बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात.

पोचल्यावर पहिलं काम पत्ता नोंदवण्याचं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो द्यायला तयार नसलेल्या माणसाची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. वेळापत्रकात तासापुढे 'सी. टी.' लिहिलेलं असेल, तर १० म्हणजे सव्वादहा, 'एस. टी.' असेल, तर बरोबर १०.

प्रश्न : गावाच्या नावाचा उच्चार काय करावा?
— सिडको

उत्तर : ओठ 'ओ' म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आत जीभ 'ए' म्हणताना असते तशी. जो आवाज येईल तो त्यांचा. देवनागरीत त्याला अक्षर नाही, 'ग्योटिंगेन' जवळचं. जुन्या मराठी लेखनात 'गटिंगेन'ही आढळतं, तेही चूक म्हणू नये.

प्रश्न : मे महिन्यात तिथे दोन दिवस आहोत. काय पाहावं, कोणत्या क्रमाने?
— कॉलेज रोड

उत्तर : मे चांगला, कारण उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतं आणि गाव भरलेलं असतं. फ्रँकफर्टहून वेगवान गाडीने दोन तासांच्या आत पोचता. स्टेशनवरून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की जुनं नगरभवन. त्याच्यासमोर कारंज्यावर हंसं घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, गॅन्झेलीझल, १९०१ चा. सध्याची मूर्ती प्रतिकृती असून मूळची गावच्या संग्रहालयात आहे. डॉक्टरेट मिळालेल्याला मित्र सजवलेल्या गाड्यावर बसवून इथे ओढत आणतात. तो कठड्यावर चढतो, फुलं वाहतो आणि मूर्तीच्या गालाचं चुंबन घेतो. १९२६ मध्ये पोलिसांनी या प्रकाराला बंदी केली, तरी प्रथा टिकली. शुक्रवारी दुपारी थांबलात, तर एखादा गाडा दिसण्याची शक्यता चांगली.

तिथून योहानिस चर्चचा मनोरा दिसतो. १८३३ मध्ये गणिती गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी विजेवर संदेश पाठवण्यासाठी वेधशाळेपासून पदार्थविज्ञानाच्या खोलीपर्यंत किलोमीटरभर दुहेरी तार गावाच्या छपरांवरून नेली, ती या मनोऱ्यावरून. एका टोकाला चुंबकावरून वेटोळं सरकवायचं, की दुसऱ्या टोकाला टांगलेली चुंबकपट्टी किंचित डावी-उजवी वळायची. हालचाल इतकी बारीक, की पट्टीवर आरसा लावून दुर्बिणीतून ती वाचावी लागे. डाव्या-उजव्यांच्या जुळणीतून अक्षरं. १८४५ मध्ये तारेवर वीज पडली आणि ती नष्ट झाली. गावाभोवतीच्या जुन्या तटावर आता झाडांखालची पायवाट आहे. सावकाश चाललं तर तासाभरात फेरी होते. तिच्याजवळच गाउस आणि वेबर या दोघांचा पुतळा आहे.

दुसरा दिवस पश्चिमेच्या नगर-दफनभूमीला द्या. आठ नोबेल मानकरी इथे आहेत. दगड वाचायचे ते जवळ जाऊन : माक्स प्लांकच्या दगडावर तळाशी त्याचा स्थिरांक, माक्स बोर्नच्या दगडावर क्वांटमचं समीकरण, ओटो हानच्या दगडावर युरेनियमच्या विभाजनाचं सूत्र. गणिती हिल्बर्टच्या दगडावर त्याचंच वाक्य आहे : आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळणारच. ते उभं राहून वाचताना १९३३ ही आठवावं. त्या वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून बोर्न, गणिती एमी नोएटर आणि कूरांट यांची पदं गेली. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांकने निषेध म्हणून स्वतः राजीनामा दिला. जगातलं अव्वल गणित आणि भौतिकशास्त्र या गावातून काही महिन्यांत उठून गेलं, आणि त्याच मे महिन्यात आल्बानी चर्चजवळच्या चौकात पुस्तकं जाळली गेली.

गाउसचं थडगं मात्र या दफनभूमीत शोधत बसू नका. ते गावाच्या दुसऱ्या अंगाला, तटाला लागून असलेल्या जुन्या आल्बानी दफनभूमीत आहे, जिची आता बाग झाली आहे.